शेतात पिकलेली मोटार

हेन्री फोर्ड यांचे नाव निघाले की डोळ्यांसमोर उभे राहते ते पोलाद, भट्ट्या आणि अखंड चालणारी मोटारींची जुळणी. एकाच नमुन्याच्या दीड कोटी मोटारी बनवून सामान्यांच्या दारात वाहन उभे करणाऱ्या या कारखानदाराने उतारवयात मोटारीचे अंग शेतात पिकवण्याचा ध्यास घेतला होता, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. खनिज तेलापासून बनणाऱ्या प्लास्टिकला मोटारीत पर्याय शोधण्याची धडपड आज जगभर चालू असताना त्या ध्यासाचे काय झाले, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

मिशिगन राज्यातील डिअरबॉर्नजवळ एका शेतकरी कुटुंबात ३० जुलै १८६३ रोजी फोर्ड यांचा जन्म झाला. शेतीतल्या ढोरमेहनतीचा त्यांना तिटकारा आणि यंत्रांचे वेड. सोळाव्या वर्षी त्यांनी डेट्रॉइटची वाट धरली. १९०३ मध्ये कंपनी, १९०८ मध्ये ‘मॉडेल टी’, १९१३ मध्ये सरकती जुळणी, हा इतिहास सर्वश्रुत आहे. मातीशी असलेले नाते मात्र सुटले नाही. १९२९ नंतरच्या महामंदीत शेतमालाचे भाव कोसळले. शेतकरीच नागवला गेला, तर मोटार विकत घेणार कोण? शेताने कारखान्याला कच्चा माल द्यावा आणि कारखान्याने शेतकऱ्याला हुकमी गिऱ्हाईक व्हावे, असा फोर्ड यांचा रोकडा हिशेब होता. त्यामागे निसर्गरक्षणाचा विचार नव्हता.

अनेक पिके तपासून त्यांच्या प्रयोगशाळेने सोयाबीनची निवड केली. आज विदर्भ-मराठवाड्यात सर्वत्र दिसणारे हे पीक तेव्हा अमेरिकेतही नवखेच होते. रॉबर्ट बॉयर या तरुण संशोधकाच्या देखरेखीखाली तेलापासून मोटारींचा रंग होऊ लागला. उरलेल्या पेंडेतील प्रथिने फिनॉल व फॉर्माल्डिहाइड यांच्या राळेत मिसळून, तापलेल्या साच्यात दाबून कर्ण्याचे बटण, गिअरची मूठ असे सुटे भाग घडू लागले. १९३५ च्या सुमारास प्रत्येक फोर्ड मोटारीमागे सुमारे २७ किलो सोयाबीन खर्ची पडत असे.

१३ ऑगस्ट १९४१ रोजी डिअरबॉर्न येथे या खटाटोपाचा कळस लोकांसमोर आला. पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर प्लास्टिकचे १४ पत्रे अशी ती मोटार होती. वजन सुमारे ९०० किलो, म्हणजे नेहमीच्या मोटारीपेक्षा एक तृतीयांश कमी. पण महायुद्धामुळे १९४२ मध्ये अमेरिकेत खासगी मोटारींचे उत्पादनच थांबले. ती एकुलती एक मोटार मोडीत निघाली, तिच्या पत्र्यांची नेमकी कृतीही जतन झाली नाही. ७ एप्रिल १९४७ रोजी फोर्ड यांचे निधन झाले आणि पुढे स्वस्त खनिज तेलाचे युग अवतरले.

फोर्ड यांना द्रष्टा ऋषी ठरवण्याचे कारण नाही. १९२० च्या दशकात आपल्या मालकीच्या साप्ताहिकातून त्यांनी ज्यूद्वेष पसरवला. १९३७ मध्ये त्यांच्या कंपनीच्या माणसांनी कामगार संघटकांना मारहाण केली. त्यांची मोटारही निर्दोष नव्हती. तंतू शेतातला असला तरी त्याला बांधणारी राळ रासायनिकच होती. हीच मेख पुढे पूर्व जर्मनीच्या ‘ट्राबांट’ मोटारीत उघडी पडली. कापसाचे तंतू आणि तशीच राळ यांपासून तिचे पत्रे बनत. ते गंजत नसत. पण वितळवून पुन्हा वापरताही येत नसत. १९९० नंतर लाखो ट्राबांट भंगारात निघाल्या, तेव्हा त्यांची विल्हेवाट हाच प्रश्न होऊन बसला.

फोर्ड कंपनीने २००८ च्या ‘मस्टँग’मध्ये बैठकांच्या फोमसाठी सोयाबीन तेलाचा अंशतः वापर केला, म्हणजे मूळ कल्पना मेली नव्हती. पण कच्चा माल कोठून आला, एवढेच विचारून भागत नाही. त्याला कशाने बांधले आणि मोटारीचे आयुष्य संपल्यावर तो कोठे जाणार, हेही विचारावे लागते. युरोपीय संघाच्या २००० सालच्या नियमांनी मोडीत निघालेल्या मोटारीचा ८५ टक्के भाग पुन्हा उपयोगात आणण्याचे बंधन २०१५ पासून घातले, ते याच जाणिवेतून. एका धनाढ्याच्या हौसेवर उभा राहिलेला पर्याय त्याच्याबरोबरच लयाला गेला. टिकाऊ पर्यायाला कायद्याचा आधार आणि शेतकऱ्याला परवडणारा भाव, दोन्ही हवेत.