कॅप्टन निमोचा देश

समुद्राच्या पोटात पाणबुडी घेऊन फिरणारा कॅप्टन निमो आपल्यापैकी अनेकांना शाळेच्या वयात मराठीतूनच भेटला. इंदूरला जन्मलेल्या भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्नच्या अनेक कादंबऱ्या मराठी मुलांच्या हाती दिल्या. त्यांच्याही आधी, विसाव्या शतकाच्या आरंभी, कोचीनला सुरू झालेल्या ‘केरळ कोकिळ’ या मराठी मासिकात व्हर्नची चंद्रप्रवासाची कथा क्रमशः आली होती. पण जगभर पोहोचलेल्या या लेखकाला आपल्या कल्पना विकताना किती तडजोडी कराव्या लागल्या, हे फारसे सांगितले जात नाही.

व्हर्नचा जन्म ८ फेब्रुवारी १८२८ रोजी फ्रान्समधील नांत या बंदराच्या शहरात झाला. वडील वकील. मुलानेही वकील व्हावे म्हणून त्यांनी त्याला पॅरिसला पाठवले. त्याने कायद्याचे शिक्षण पुरे केले, पण मन रमले नाटकांत. आणि नाटकांवर पोट भरेना. १८५७ मध्ये त्याने दोन मुली असलेल्या ओनोरीन या विधवेशी लग्न केले. संसार चालवायचा म्हणून वडिलांकडून पैसे घेऊन तो शेअर बाजारात दलाली करू लागला. पहाटे उठून लिहायचे आणि मग बाजार गाठायचा, असा त्याचा दिनक्रम झाला.

१८६२ मध्ये त्याला हेत्झेल हा प्रकाशक भेटला. पुढच्याच वर्षी बलूनमधून आफ्रिका ओलांडणाऱ्या प्रवाशांची कादंबरी निघाली आणि चांगली खपली. त्या उमेदीत व्हर्नने शंभर वर्षांनंतरच्या पॅरिसची कथा पुढे केली. त्या शहरात यंत्रांची भरभराट आहे, पण कवीला कोणी विचारत नाही. हेत्झेलने ती नाकारली. असल्या भविष्यावर कोणाचाच विश्वास बसणार नाही, असे त्याला वाटले. ते हस्तलिखित पुढे व्हर्नच्या पणतवाला सापडले आणि १९९४ मध्ये छापले गेले.

कराराप्रमाणे व्हर्नला दरवर्षी ठरावीक खंड लिहून द्यावे लागत. कथा बहुधा आधी हेत्झेलच्या मासिकात येई. ते मासिक मुलाबाळांच्या घरात जाणारे, त्यामुळे प्रत्येक प्रकरणावर प्रकाशकाची नजर असे. सचित्र आवृत्त्या हातोहात खपत, पण त्यांचा मोठा नफा प्रकाशकाकडे जाई. ‘ऐंशी दिवसांत जगप्रदक्षिणा’ १८७४ मध्ये रंगभूमीवर आली, तेव्हा कुठे व्हर्नच्या हाती भरपूर पैसा आला.

सगळ्यात मोठा वाद झाला तो निमोवरून. व्हर्नच्या मनातला निमो पोलंडचा सरदार होता. रशियाने त्याचे कुटुंब मारले होते आणि तो त्याचा सूड घेत होता. पण हेत्झेलची पुस्तके रशियातही जात. ती बाजारपेठ हातची जाईल, म्हणून त्याने हरकत घेतली. निमोला गुलामांच्या व्यापाऱ्यांचा शत्रू करावे, असे त्याने सुचवले. तसे केले तर माणूसच बदलेल, म्हणून व्हर्न अडून बसला. शेवटी १८६९-७० मध्ये कादंबरी आली ती निमोचा देश न सांगताच.

काही वर्षांनी ‘रहस्यमय बेट’ या कादंबरीत व्हर्नने निमोला देश दिला, आणि तो आपला! निमो बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर निघाला. १८५७ च्या उठावात लढलेला, इंग्रजांमुळे कुटुंब गमावलेला. पोलंडचा सूड छापता आला नाही, पण परक्या सत्तेने घर बुडवलेल्या माणसाचा संताप व्हर्नने सोडला नाही. जो भारत त्याने कधी पाहिलाही नव्हता, तिथे त्या संतापाला जागा मिळाली.

२४ मार्च १९०५ रोजी आमियां येथे व्हर्न वारला. पुस्तके लाखांनी खपूनही फ्रेंच अकादमीने त्याला कधी आपल्यात घेतले नाही. मुलांचा लेखक हा शिक्का त्याला अखेरपर्यंत सलत राहिला. मात्र त्याच मुलांनी, आपल्याकडच्या मराठी मुलांनीही, त्याला जिवंत ठेवले. यंदा सुट्टीत नातवंडांना निमोची गोष्ट सांगाल, तेव्हा तो झाशीच्या मुलखातला होता, हेही सांगा.