सालारजंगांची घड्याळे : वारस नसलेल्या संग्राहकाचा वारसा

हैदराबाद : मुसी नदीच्या दक्षिण तीरावरील सालारजंग संग्रहालयात तास भरत आला, की प्रेक्षकांची पावले एका घड्याळाकडे वळतात. वेळ होताच एक चिमुकला दाढीवाला पुरुष दारातून बाहेर येतो, जितके वाजले असतील तितके टोल देतो आणि आत निघून जातो. दुसरी एक लोहाराची मूर्ती हातोडा मारीत सेकंद मोजत असते. कलकत्त्याच्या कुक अँड केल्व्ही या पेढीशी नाव जोडलेले हे घड्याळ ज्यांच्या संग्रहातील, ते नवाब मीर युसूफ अली खान, म्हणजेच तिसरे सालारजंग. त्यांचा जन्म 13 जून 1889 रोजी पुण्यात झाला.

निजामाच्या दरबारात या घराण्याचा मान मोठा होता. आजोबा मीर तुराब अली खान, पहिले सालारजंग, यांनी 1853 पासून 1883 पर्यंत, आपल्या मृत्यूपर्यंत, हैदराबाद संस्थानाची दिवाणगिरी सांभाळली. संग्रहालयाचे भूषण ठरलेला ‘बुरख्यातील रिबेका’ हा बेन्झोनीचा संगमरवरी पुतळा त्यांनीच 1876 मध्ये रोममध्ये खरेदी केला. युसूफ अली महिन्याचेही झाले नव्हते, तोच पितृछत्र हरपले. 1912 मध्ये, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी, सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांचे ते पंतप्रधान झाले. दोनच वर्षांत त्यांनी हे पद सोडले आणि उर्वरित आयुष्य संग्रहाला वाहिले. ते अविवाहित राहिले.

त्यांचा काळ घड्याळाच्या इतिहासातील संक्रमणाचा होता. पहिल्या महायुद्धानंतर पुरुषांचे घड्याळ खिशातून मनगटावर आले आणि भारतातील राजेरजवाडे स्विस व फ्रेंच पेढ्यांचे मोठे गिऱ्हाईक बनले. पोलो खेळताना काच फुटू नये म्हणून तबकडी उलटी फिरविता येणारे ‘रिव्हर्सो’ हे मनगटी घड्याळ 1931 मध्ये निघाले, त्यामागेही भारतातील पोलोपटूंची गरज होती, असे सांगितले जाते. सालारजंगांची दृष्टी मात्र मिरविण्याच्या अलंकारापुरती मर्यादित नव्हती. फ्रान्स, इंग्लंड, हॉलंड आदी देशांतील पुरुषभर उंचीची घड्याळे, पक्ष्याच्या पिंजऱ्यात बसविलेली घड्याळे, आतील यंत्रणा उघडी ठेवणारी सांगाडा-घड्याळे आणि भिंगाशिवाय ज्यांतील बारकावे दिसत नाहीत अशी इवलीशी घड्याळे त्यांच्या संग्रहात एकत्र आली. त्यांच्यासोबत हस्तलिखिते, हस्तिदंती वस्तू, शस्त्रे आणि चिनी मातीची भांडीही होती. सुमारे पस्तीस वर्षे उत्पन्नाचा मोठा भाग त्यांनी या ध्यासावर खर्च केला.

सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबाद संस्थान भारतीय संघराज्यात सामील झाले आणि 2 मार्च 1949 रोजी सालारजंगांचे निधन झाले. थेट वारस नसल्याने अनेक नातलगांनी मालमत्तेवर हक्क सांगितला. वाटणी झाली असती, तर हा संग्रह दिसेनासा होण्यास वेळ लागला नसता. हे भय निराधार नव्हते. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर दुसरे यांनी माणिकबाग राजवाड्यासाठी हौसेने घडवून घेतलेल्या वस्तू पुढे 1980 मध्ये मोनॅकोतील लिलावात विखुरल्या.

हैदराबादेत तसे घडले नाही. सरकारने मालमत्तेची व्यवस्था हाती घेतली. कलासमीक्षक जेम्स कझिन्स यांच्याकडे वस्तूंच्या मांडणीचे काम सोपविण्यात आले आणि 16 डिसेंबर 1951 रोजी दिवाण देवडी या सालारजंगांच्याच वाड्यात पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते संग्रहालयाचे उद्घाटन झाले. वारसदारांनी 1958 मध्ये तडजोडीने संग्रहावरील हक्क सोडला. 1961 मध्ये संसदेने कायदा करून संग्रहालयाला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा दिला आणि 1968 मध्ये ते सध्याच्या इमारतीत आले.

दुर्मीळ घड्याळ बहुधा तिजोरीत जपले जाते आणि त्याची किल्ली कोणी दिली, हे धन्याखेरीज कोणास कळत नाही. सालारजंगांच्या घड्याळांना मात्र आज एक धनी नाही. आत येणाऱ्या शाळकरी मुलालाही ती तितक्याच मोकळेपणाने पाहता येतात.