महाकवी फादर स्टीफन्स

होमरचे इलियड हे ग्रीक महाकाव्य व्हर्जिलने लॅटिनमध्ये व मिल्टनने इंग्रजीत आदर्श मानले, हे आमचे विद्यार्थी जाणतात. परंतु मिल्टनचे महाकाव्य १६६७ साली प्रसिद्ध झाले, त्याच्या अर्धशतक आधी, आदिमानवाच्या पतनाची तीच कथा एका इंग्रजाने मराठी ओवीत गायिली होती, हे थोड्यांनाच ठाऊक असते.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास विल्टशर परगण्यात झाला. इंग्लंडात तेव्हा कॅथलिकांस थारा नव्हता. ते रोमला गेले, १५७५ साली जेझुइट संघात शिरले आणि २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यास उतरले. पुढील चाळीस वर्षे बहुतेक साष्टीतच गेली. १५८३ साली कुंकळ्ळीस त्यांचे पाच धर्मबंधू मारले गेले. ती प्रेते मिळवून मूठमाती देण्याचे काम त्यांच्यावर आले. त्याच वर्षी बंधूस पाठविलेल्या पत्रात त्यांनी लिहिले की, येथील भाषांची घडण ग्रीक व लॅटिनशी जुळते. सर विल्यम जोन्स यांनी संस्कृतविषयी असाच विचार मांडला तो १७८६ साली!

पोर्तुगीजांनी देवळे पाडली, जुन्या पुराणांस बंदी घातली. हा अन्यायच होता. तो झाकण्याचे कारण नाही. पुराणश्रवणाची ओढ मात्र नवख्रिस्त्यांच्या मनातून गेली नाही. ती ओळखून स्टीफन्स यांनी ज्ञानेश्वर-एकनाथांच्या ओवीत सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रचिले. होमरचा देश त्यांना जवळचा, तरी वाट धरली ती पैठण-आळंदीची. आमच्या तालुक्यातील गाणगापुरी ज्या गुरुचरित्राची पारायणे चालतात, त्याचे कर्ते सरस्वती गंगाधर हेही मूळचे कन्नडभाषकच. परभाषेत ग्रंथ रचण्याचे धैर्य आम्हां सीमाभागातील मंडळींस विशेष जाणवते. स्टीफन्स यांनी कोंकणीचे व्याकरणही लिहिले. ते त्यांच्या पश्चात १६४० साली छापले गेले. आमची मातृभाषा कोंकणी असल्याने हे ऋण आम्हांस अधिक वाटते.

देशी लिपीचे खिळे पाडावेत म्हणून १६०८ साली त्यांनी रोमला पत्र लिहिले, पण ते घडले नाही. १६१६ साली पुराण रोमन अक्षरांतच निघाले. पुढे १६४९ व १६५४ साली ते पुन्हा छापले गेले. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. १६१९ साली स्टीफन्स गोव्यातच निवर्तले. देवनागरी आवृत्ती पुण्यास निघाली ती १९५६ साली. त्या पत्रास तेव्हा ३४८ वर्षे झाली होती.