डाळीच्या दाण्यातील रसायन : डॉ. कमला सोहोनी यांचे जीवन

वऱ्हाडात वाढलेल्या मुलाला तूर, मूग, उडीद, हरभरा यांची ओळख शाळेत करून द्यावी लागत नाही. ज्याच्या घरी शेत आहे त्याने ती पेरताना पाहिलेली असतात, ज्याच्या घरी नाही त्याच्या आईने ती दुसऱ्याच्या शेतात सोंगलेली असतात. अकोल्याच्या डाळमिलमध्ये हमाली करून मुलांना शिकविणारे पालक आपल्या शाळेला नवे नाहीत. असे असूनही आठवीच्या वर्गात द्रव्याचे भौतिक व रासायनिक गुणधर्म हा पाठ निघाला की हीच मुले गंधक आणि लोहकीस यांच्या व्याख्या घोकू लागतात. द्रव्य म्हणजे प्रयोगशाळेच्या कपाटात, काचेच्या बाटलीत, चिठ्ठी लावून ठेवलेली काहीतरी परकी वस्तू, अशी त्यांची समजूत होते. मी स्वतः बरीच वर्षे हा पाठ तसाच शिकविला, हे येथे कबूल केले पाहिजे. भोजनगृहात शिजणारे वरण हेही द्रव्यच आहे आणि त्याचे गुणधर्म तपासण्यात एखाद्या विदुषीने आयुष्य वेचले आहे, हे मला डॉ. कमला सोहोनी यांच्या चरित्राने शिकविले. ते चरित्र माजी विद्यार्थ्यांपुढे व पालकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

कमलाबाई माहेरच्या भागवत. त्यांचा जन्म १९११ साली इंदूरला झाला. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ. बंगलोरच्या टाटा विज्ञान संस्थेतून, म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेतून, बाहेर पडलेल्या आरंभीच्या रसायनशास्त्रज्ञांत त्यांची गणना होते. घरात रसायनशास्त्र होते तसे साहित्यही होते. थोर लेखिका दुर्गाबाई भागवत या कमलाबाईंच्या थोरल्या भगिनी. पाली जातककथा मराठीत आणणाऱ्या 'सिद्धार्थ जातक'मुळे दुर्गाबाईंचे नाव आपल्या ग्रंथालयात येणाऱ्यांच्या परिचयाचे आहे. त्यांची सख्खी बहीण प्रथिनांवर संशोधन करीत होती, हे मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते.

१९३३ साली कमलाबाई मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. परीक्षा रसायनशास्त्र हा मुख्य व भौतिकशास्त्र हा दुय्यम विषय घेऊन गुणवत्ता यादीत प्रथम क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या. वडिलांच्या व काकांच्या संस्थेत जाऊन संशोधन करावे, ही त्यांची स्वाभाविक इच्छा. संस्थेचे संचालक त्या वेळी सर चंद्रशेखर वेंकट रामन होते. १९३० चे नोबेल पारितोषिक मिळविलेला हा भौतिकशास्त्रज्ञ साऱ्या देशाचा अभिमान होता. त्यांनी कमलाबाईंचा अर्ज नाकारला. कारण गुणांचे नव्हते. अर्जदार स्त्री होती, एवढेच ते कारण होते. वडिलांनी व काकांनी केलेल्या विनंतीचाही उपयोग झाला नाही. तेव्हा कमलाबाई स्वतः बंगलोरला जाऊन संचालकांसमोर उभ्या राहिल्या, नकाराचे कारण विचारू लागल्या आणि प्रवेश मिळाल्याखेरीज परत न जाण्याचा निर्धार त्यांनी बोलून दाखविला. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते. मार्गदर्शक सांगतील त्या वेळी, प्रसंगी रात्रीही, काम करावे लागणार होते. त्यांच्या असण्याने प्रयोगशाळेतील पुरुषांचे चित्त विचलित होता कामा नये, हीही एक अट होती. शेवटची अट त्यांना किती लागली असेल, हे सांगावयास नको. तरीही त्यांनी ती स्वीकारली.

दाराबाहेर उभे राहणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह होऊन तेव्हा जेमतेम सहा वर्षे झाली होती. तथापि येथे एक विवेक राखला पाहिजे. कमलाबाईंच्या पाठीशी शिकलेले घर होते, वडील रसायनशास्त्रज्ञ होते, त्यांच्यासाठी शब्द टाकणारे वडीलधारे होते. आपल्या वसतिगृहात मेळघाटातून किंवा मूर्तिजापूरच्या एखाद्या वस्तीतून येणाऱ्या मुलीपाशी यांपैकी काहीच नसते. दोन्ही दुःखे एकाच मापाने मोजणे बरोबर होणार नाही. परंतु परीक्षानळीतील द्रव्य आपल्याला कोण तपासते आहे, हे विचारीत नाही. ते पुरुषाच्या हाती ज्या तापमानाला वितळते त्याच तापमानाला स्त्रीच्या हातीही वितळते. ही साधी गोष्ट त्या वर्षभरात कमलाबाईंनी कोणताही वाद न घालता, केवळ कामाने सिद्ध केली. वर्ष संपले तेव्हा रामन यांचे समाधान झाले होते. त्यांनी कमलाबाईंना रीतसर संशोधनाची अनुमती दिली आणि पुढे इतर मुलींसाठीही संस्थेचे दार उघडले. मोठ्या माणसाने आपली चूक कृतीने दुरुस्त केली, याचीही नोंद न्यायाने घेतली पाहिजे.

बंगलोरला एम्. श्रीनिवासय्या हे त्यांचे मार्गदर्शक होते. शिस्तीला कठोर आणि शिकविण्यात उदार असे गुरू त्यांना लाभले. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. हे काम कसे चालते याची कल्पना यावी म्हणून आम्ही वर्गात एक छोटा प्रयोग करतो. थोडे बेसन मिठाच्या पातळ पाण्यात कालवून काही वेळ ठेवावयाचे आणि फडक्यातून, मग गाळणकागदातून गाळून घ्यावयाचे. हरभऱ्यातील बरेचसे प्रथिन साध्या पाण्यापेक्षा मिठाच्या पाण्यात अधिक विरघळते. विद्राव्यता हा झाला भौतिक गुणधर्म. गाळून आलेल्या पाण्यात लिंबाचा रस थेंबथेंब सोडला की ते गढुळते आणि साका खाली बसू लागतो. लिंबाने दूध फाटते त्याच जातीची ही घटना. विद्राव्यता, आम्लाचा परिणाम, उष्णतेचा परिणाम अशा एकेका खुणेने एक प्रथिन दुसऱ्यापासून वेगळे काढावयाचे, हेच जीवरसायनशास्त्राचे पहिले पाऊल. मुलांना लिंबाचा तो क्षण फार आवडतो. एरवी मागच्या बाकावर डुलक्या घेणारेही तेव्हा उठून उभे राहतात.

१९३६ साली एम्. एस्सी. पूर्ण झाली. पुढे त्या केंब्रिजला गेल्या. सर फ्रेडरिक गाऊलंड हॉपकिन्स यांच्या जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्या वेळी एकही टेबल रिकामे नव्हते. तेव्हा डॉ. डेरेक रिश्टर यांनी आपले टेबल दिवसा कमलाबाईंना देऊ केले व स्वतः रात्री काम करण्याचे ठरविले. बंगलोरची अट आणि केंब्रिजचे हे औदार्य शेजारी शेजारी ठेवले की पुष्कळ काही उमगते. पुढे डॉ. रॉबिन हिल यांच्याबरोबर वनस्पतींच्या ऊतींवर काम करताना बटाट्यामध्ये त्यांना 'सायटोक्रोम सी' आढळले. पेशींच्या श्वसनात भाग घेणारे हे लोहयुक्त प्रथिन आहे. ते रंगीत असून त्यातून प्रकाश आरपार सोडला असता वर्णपटात ठराविक जागी काळे पट्टे उमटतात आणि त्या पट्ट्यांवरून त्याची ओळख पटते. वनस्पतींच्या श्वसनातही त्याचा वाटा आहे, हे या संशोधनातून पुढे आले. चौदा महिन्यांत काम आटोपून त्यांनी अवघ्या चाळीस टंकलिखित पानांचा प्रबंध सादर केला आणि १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच्. डी. मिळविली. प्रबंधाची जाडी पाहून विद्वत्ता ठरविणाऱ्या आपल्याकडील मंडळींनी ही चाळीस पाने ध्यानात ठेवावीत.

परदेशात राहणे शक्य असताना त्या १९३९ मध्येच परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी जीवरसायनशास्त्र विभाग सांभाळला. तेथून त्या कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत गेल्या. १९४७ मध्ये श्री. माधव सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर मुंबईत आल्या आणि १९४९ पासून तेथील रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्राध्यापक झाल्या. त्यांच्या आयुष्यातील शिकविण्याचा खरा काळ हाच.

येथे त्यांनी विद्यार्थ्यांपुढे संशोधनासाठी कोणते विषय ठेवले, हे मुद्दाम पाहण्यासारखे आहे. केंब्रिजमध्ये शिकलेली बाई, पण विद्यार्थ्यांच्या हाती दिले ते वाल, कडधान्ये, तांदळाचे पीठ आणि नीरा. गरिबाच्या ताटात जे पडते त्याचे रसायन काय, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांतील कडधान्यांवरील काम आपल्याला सर्वांत जवळचे. आपल्या आतड्यात ट्रिप्सिन नावाचे विकर असते आणि ते प्रथिनांचे तुकडे करून ती पचविते. कच्च्या डाळींत व शेंगवर्गीय दाण्यांत याच विकराला अडविणारी द्रव्ये असतात. दाण्यात प्रथिन भरपूर, पण त्याच दाण्यात ते पचू न देणारा पहारेकरीही बसलेला! भारतीय खाद्यपदार्थांतील अशा निरोधक द्रव्यांचा कमलाबाईंनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी पद्धतशीर शोध घेतला. वाल आणि डबल बी यांतील निरोधके त्यांनी स्फटिकरूपात वेगळी काढली. त्याविषयीचे टिपण १९५५ मध्ये 'नेचर' या जगन्मान्य नियतकालिकात प्रसिद्ध झाले. एखादे द्रव्य स्फटिकरूपात मिळणे म्हणजे ते बहुतांशी शुद्ध मिळणे, हे आठवीच्या मुलालाही सांगता येते. मिठाचे किंवा तुरटीचे खडे त्याने स्वतः बनविलेले असतात.

ही निरोधके उष्णतेने बहुतांशी निकामी होतात. डाळ भिजविली आणि पुन्हा वाळविली तर दाणा पुष्कळसा पूर्ववत होतो. डाळ शिजविली की मात्र ती पुन्हा कच्ची करता येत नाही. पहिला बदल भौतिक आणि दुसरा रासायनिक, असे वर्गात आपण सांगतो. पण दुसऱ्या बदलामुळे लेकराच्या अंगी प्रथिन लागते, हे सांगितले की व्याख्येला अर्थ येतो. वाल भिजवून, मोड आणून, नीट शिजवून खाण्याची आपल्या आजीची रीत प्रयोगशाळेत जाऊन आली, असेही म्हणता येईल. मात्र आजीची प्रत्येक रीत अशीच खरी ठरते असे नाही. ती तपासावी लागते.

नीरेवरील संशोधन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून सुरू झाले. ताडाच्या या ताज्या रसात व त्यापासून केलेल्या गुळात जीवनसत्त्वे व लोह असल्याचे दिसून आले. कुपोषित आदिवासी किशोरवयीन मुले व गरोदर स्त्रिया यांच्या आहारात नीरा दिल्यावर त्यांची प्रकृती सुधारल्याचेही आढळले. या कामाबद्दल कमलाबाईंना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. संस्थेचे संचालकपद मात्र त्यांना पात्रता असूनही अनेक वर्षे उशिरा मिळाले. त्याची कारणे उगाळण्यात अर्थ नाही. त्या काळात त्यांचे शिकविणे थांबले नाही, ही गोष्ट अधिक मोलाची.

उतारवयात त्या ग्राहक चळवळीत उतरल्या. १९६६ मध्ये मुंबईत नऊ महिलांनी कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन केली. १९८२-८३ मध्ये कमलाबाई तिच्या अध्यक्ष होत्या. संस्थेच्या 'कीमत' या नियतकालिकात त्यांनी ग्राहकांच्या सुरक्षिततेविषयी लेख लिहिले. आहाराविषयी मराठीतूनही लिहिले. भेसळ ओळखणे म्हणजे पुन्हा द्रव्याचे गुणधर्म ओळखणेच. उदाहरणार्थ, पिवळ्या दिसणाऱ्या डाळीला किंवा हळदीला मेटॅनिल यलो हा कापडाचा रंग लावलेला असू शकतो. नमुना पाण्यात हलवून त्यात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब टाकले की हा रंग गुलाबी-जांभळा होतो. अस्सल हळदही तीव्र आम्लात लालसर होते, पण वरून भरपूर पाणी घातले की तिची लाली जाते, मेटॅनिल यलोची जात नाही. हा प्रयोग आमच्याकडे शिक्षकच करतात, विद्यार्थ्यांच्या हाती तीव्र आम्ल दिले जात नाही. पण नमुने मुले घरून आणतात. एका मुलीने आठवडी बाजारातून आणलेल्या हळदीचा गुलाबी रंग पाणी ओतूनही गेला नाही, तेव्हा वर्गात जी शांतता पसरली ती मला अजून आठवते. दुसऱ्या दिवशी तिच्या आईने ती पुडी दुकानदाराच्या पुढ्यात नेऊन ठेवली. त्याने पैसे परत दिले, वाद न घालता.

कमलाबाई प्रसिद्धीपासून दूरच राहिल्या. त्यांचे नाव नव्या पिढीच्या विस्मरणात गेले असताना भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने त्यांचा शोध घेऊन वार्धक्यात त्यांना दिल्लीस सत्कारासाठी बोलावून घेतले. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले. ज्या संस्थेत त्यांना एका वर्षाच्या अटीवर प्रवेश मिळाला होता, तेथे आज मुली कोणत्याही अटीविना प्रयोग करतात.