हॅरॉल्ड ब्लॅक

2 ऑगस्ट 1927 ची सकाळ होती. अमेरिकेतील हडसन नदीच्या पात्रातून एक प्रवासी बोट न्यूयॉर्क शहराकडे चालली होती. कामावर निघालेले शेकडो लोक तीत बसले होते. त्यांच्यात एकोणतीस वर्षांचा एक तरुण अभियंता होता. एकाएकी त्याच्या मनात एक विचार चमकून गेला. जवळ कोरा कागद नव्हता. हाती होते ते फक्त त्या दिवशीचे वर्तमानपत्र. त्याच्या एका पानावरील मोकळ्या जागेतच त्याने घाईघाईने एक आकृती काढली आणि खाली काही समीकरणे लिहिली. बोट किनाऱ्याला लागण्यापूर्वीच एका मोठ्या शोधाचा जन्म झाला होता. त्या तरुणाचे नाव हॅरॉल्ड स्टीफन ब्लॅक.

ब्लॅक यांचा जन्म 1898 साली मॅसॅच्युसेट्स राज्यातील लेमिन्स्टर या गावी झाला. वूस्टर येथील तांत्रिक विद्यालयातून 1921 मध्ये पदवी मिळवून ते न्यूयॉर्कमधील टेलिफोनच्या प्रयोगशाळेत नोकरीस लागले. हीच प्रयोगशाळा पुढे 1925 पासून बेल प्रयोगशाळा म्हणून प्रसिद्धीस आली. प्रारंभीच त्यांच्या वाट्यास निराशा आली. सहकाऱ्यांची वेतनवाढ झाली. ब्लॅक यांची मात्र झाली नाही. नोकरी सोडून द्यावी, असे त्यांच्या मनाने घेतले. परंतु एका रात्रीच्या विचारानंतर त्यांनी वेगळाच निश्चय केला. रविवारी सुट्टीच्या दिवशी ते कचेरीत जाऊ लागले आणि जुन्या टिपणांची दप्तरे एकामागून एक वाचू लागले. त्यांतील सर्वांत जुनी टिपणे त्यांच्या जन्मवर्षाची, म्हणजे 1898 ची होती. या वाचनातून टेलिफोनपुढील खरी अडचण कोणती, हे त्यांना उमगले.

तारेतून दूर जाताना आवाजाचा विद्युत्प्रवाह क्षीण होत जातो. म्हणून वाटेत ठिकठिकाणी त्याला बळ देणारे यंत्र बसवावे लागते. त्यास विवर्धक अथवा ॲम्प्लिफायर म्हणतात. त्या काळी हे काम काचेच्या निर्वात नलिका, म्हणजे व्हॉल्व्ह, करीत असत. त्यांच्याच साह्याने 1915 मध्ये न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्को ही दोन टोकांची शहरे टेलिफोनने जोडली गेली. पुढे एकाच तारेवरून अनेक संभाषणे एकदम पाठविण्याची गरज भासू लागली. त्यासाठी वाटेत पुष्कळच अधिक विवर्धक लागणार होते, आणि प्रत्येक विवर्धक आवाजात स्वतःचा थोडासा दोष मिसळीत असे. गुरुजींच्या कित्त्यावरून पहिल्या मुलाने अक्षर काढावे, त्याच्या पाटीवरून दुसऱ्याने, दुसऱ्याच्या पाटीवरून तिसऱ्याने. असे शंभराव्या मुलापर्यंत गेल्यावर मूळ अक्षर ओळखू तरी येईल काय? टेलिफोनवरील आवाजाची हीच गत होती.

बहुतेक अभियंते निर्दोष नलिका बनविण्याच्या खटपटीत होते. 1923 मध्ये प्रसिद्ध विद्युत्शास्त्रज्ञ स्टाइनमेट्झ यांचे व्याख्यान ऐकून ब्लॅक घरी परतले, ते मध्यरात्र उलटेपर्यंत विचार करीत बसले. नलिकेत दोष राहणारच. मग बाहेर पडलेल्या आवाजातून तो दोष काढून का टाकू नये, असा प्रश्न त्यांनी स्वतःस विचारला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी एक युक्ती शोधली. दोष तेवढा वेगळा काढावयाचा आणि दुसऱ्या विवर्धकाच्या साह्याने मूळ आवाजातून वजा करावयाचा. युक्ती सफल झाली. परंतु ते यंत्र इतके नाजूक होते की, रात्रंदिवस दर तासाला कोणीतरी त्याची जुळणी करीत बसावे लागे. अशी शेकडो यंत्रे कोण सांभाळणार? ब्लॅक यांचे समाधान झाले नाही. आणखी चार वर्षे ते त्याच प्रश्नाशी झुंजत राहिले.

बोटीवर सुचलेला मार्ग मात्र अगदी साधा होता. विवर्धकातून बाहेर पडणाऱ्या आवाजाचा काही अंश उलट करून पुन्हा त्याच्या प्रवेशद्वाराशी आणावयाचा. विवर्धकाने स्वतःचा जो दोष मिसळला असेल, तो उलट रूपाने परत येतो आणि स्वतःलाच बव्हंशी पुसून टाकतो. जणू प्रत्येक मुलाने प्रत्येक रेघ काढताच ती मूळ कित्त्याशी ताडून पाहावी आणि तेथल्या तेथे सुधारावी! यासच निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात. त्यासाठी एक किंमत मात्र द्यावी लागे. आवाज दहापट वाढवावयाचा असेल, तर हजारपट वाढविणारे यंत्र बांधावे लागे आणि त्याची जास्तीची शक्ती खुशाल सोडून द्यावी लागे. त्याच वर्षी 29 डिसेंबर रोजी प्रत्यक्ष प्रयोग झाला, तेव्हा दोष एक लाख पटींनी कमी झालेला आढळला.

इतके होऊनही लोकांना ते पटेना. मोठ्या कष्टाने मिळविलेली शक्ती कोणी मुद्दाम गमावील काय, असा तज्ज्ञांचा आक्षेप होता. शिवाय विवर्धकाचा आवाज पुन्हा त्याच्यातच सोडला, तर तो किंचाळू लागतो, असा सर्वांचा अनुभव होता. ब्रिटनच्या पेटंट कचेरीने तर हा अर्ज आपोआप चालत राहणाऱ्या अशक्य यंत्रांच्या पंक्तीस बसविला. अमेरिकेत 1928 मध्ये केलेला अर्ज 21 डिसेंबर 1937 रोजी मंजूर झाला. या नऊ वर्षांत ब्लॅक हताश झाले नाहीत. ते यंत्रे बांधीत राहिले, मोजमापे घेत राहिले. त्यांचे सहकारी नायक्विस्ट यांनी 1932 मध्ये, असा विवर्धक केव्हा स्थिर राहतो आणि केव्हा किंचाळतो, याचा नियम गणिताने सिद्ध केला. 1934 मध्ये ब्लॅक यांनी आपला शोध सविस्तर प्रसिद्ध केला.

टेलिफोनसाठी लागलेला हा शोध पुढे संगीताच्याही उपयोगी पडला. 1947 मध्ये इंग्लंडमधील विल्यमसन या अभियंत्याने याच तत्त्वावर एक विवर्धक रचला. त्याचा दोष हजारात एक भागाहूनही कमी होता. त्या धर्तीचे व्हॉल्व्हचे जुने विवर्धक हौशी लोक आजही जपतात आणि दुरुस्त करून वापरतात. नलिका थोडी थकली, तरी फीडबॅक तिची उणीव झाकून घेतो. म्हणूनच कुशल कारागीर नुसत्या कानावर विसंबत नाही, तर मोजमाप घेऊन पाहतो. ट्रान्सफॉर्मर बदलताना त्याच्या दोन तारांची अदलाबदल झाली, तर उलट यावयाचा अंश सुलट येतो आणि यंत्र किंचाळू लागते. त्या दोन तारा पुन्हा जागच्या जागी जोडताच ते शांत होते. ब्लॅक यांच्या शोधाचे मर्म तेथे कानांनीच ऐकावयास मिळते.

1981 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक मंडपात ब्लॅक यांच्या नावाचा समावेश झाला. 1983 मध्ये त्यांचे निधन झाले. अगदी निर्दोष यंत्र कोणालाच बनविता आले नाही. ब्लॅक यांनाही नाही. आपली चूक आपणच पाहणारे आणि ती सुधारण्यासाठी आपल्या बळाचा काही भाग आनंदाने सोडून देणारे यंत्र मात्र त्यांनी जगाला दिले.