स्वातीचा गट आणि वेणू बाप्पू

गेल्या सत्रात विज्ञान प्रदर्शनासाठी मी ताऱ्यांचा तक्ता केला. स्वाती ताऱ्यापाशी अडलो. जुन्या सूचीत त्याचा गट ‘के ०’, नव्या सूचीत ‘के १.५, राक्षसी तारा’. मी सोपा वाटला तो लिहून मोकळा झालो. सरांनी हाच का निवडलास, असे विचारले तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते. ते शोधायला ग्रंथालयात गेलो आणि वेणू बाप्पूंची ओळख झाली.

बाप्पूंचा जन्म १० ऑगस्ट १९२७ रोजी चेन्नईत झाला. वडील हैदराबादच्या निजामिया वेधशाळेत होते, त्यामुळे दुर्बीण घरचीच. पुढे ते हार्वर्डला शिकायला गेले. तिथे १९४९ मध्ये आकाशाच्या फोटोत त्यांना नवा धूमकेतू दिसला. त्याला त्यांचे आणि दोन सहकाऱ्यांचे नाव मिळाले.

ताऱ्याच्या गटाचे अक्षर मुख्यतः तापमान सांगते, आकार नाही. स्वाती सूर्याच्या सुमारे २५ पट मोठा. हंस तारकासमूहातला ६१ क्रमांकाचा तारा सूर्याहूनही लहान. तरी दोघेही ‘के’ गटातलेच! मग राक्षसी कोण आणि बटू कोण, हे कसे ठरवायचे? अशा थंड ताऱ्यांच्या वर्णपटात कॅल्शियमच्या काळ्या रेषेच्या मध्यभागी एक उजळ रेघ असते. ताऱ्याचे खरे तेज जितके जास्त, तितकी ती रुंद. हे बाप्पू आणि ऑलिन विल्सन यांनी १९५७ मध्ये दाखवून दिले. रेघ मोजली की वाद मिटतो.

बाप्पू मोठ्या संधी सोडून भारतात परतले होते. १९६० मध्ये ते कोडाईकनाल वेधशाळेचे संचालक झाले. तमिळनाडूतल्या कावलूरला त्यांनी नवी वेधशाळा उभारली. आपल्या बेंगळुरूतली भारतीय खगोलभौतिकी संस्थाही त्यांनीच घडवली. १९७९ मध्ये ते आंतरराष्ट्रीय खगोल संघाचे अध्यक्ष झाले. कावलूरची मोठी दुर्बीण पुरी होण्याआधीच, १९ ऑगस्ट १९८२ रोजी ते गेले. १९८६ मध्ये त्या दुर्बिणीला त्यांचे नाव दिले.

आता मला कळले, जुनी सूची खोटी नव्हती. तिच्यात ‘के ०’ नंतर थेट ‘के २’ येई आणि आकाराची नोंदच नव्हती. परेडवर दोन मोजण्या जुळल्या नाहीत, तर मोठ्याने ओरडणाऱ्याची खरी धरत नाहीत, पुन्हा मोजतात. माझ्या तक्त्यात स्वातीचा गट मी दुरुस्त केला आहे. तो कशावरून ठरला, तेही खाली लिहिले आहे. सरांनी पुन्हा विचारले, तर या वेळी उत्तर तयार आहे.