शिक्षकांचे शिक्षक : शंकर बाळकृष्ण दीक्षित

गणिताच्या अध्यापनाची चर्चा निघाली की अभ्यासक्रम, पाठ्यपुस्तके आणि परीक्षा यांचाच विचार होतो. शिक्षकाला स्वतःला एखादे कोडे सोडविण्याची ओढ आहे का, हा प्रश्न मागे पडतो. प्राथमिक शिक्षक घडविणाऱ्या संस्थांत अध्यापन करता करता ज्योतिर्गणिताचे मोठे प्रश्न सोडविणाऱ्या शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचे चरित्र म्हणूनच आजही उद्बोधक ठरते.

दीक्षितांचा जन्म १८५३ साली दापोलीजवळील मुरूड गावी झाला. गावच्या शाळेत शिक्षण घेतल्यावर १८७० मध्ये ते पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात दाखल झाले. १८७४ मध्ये ते मॅट्रिक झाले. विद्यापीठाची पदवी त्यांच्याकडे नव्हती. रेवदंडा, ठाणे आणि बार्शी येथे त्यांनी शाळामास्तरकी केली. पुढे धुळ्याच्या ट्रेनिंग स्कुलात आणि १८९४ पासून पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात ते भावी शिक्षकांना शिकवू लागले. ज्या संस्थेत ते घडले, तेथेच त्यांनी इतरांना घडविले.

त्या काळी पाढे, पावकी, निमकी, दिडकी तोंडपाठ असणे म्हणजेच गणित येणे, अशी समजूत रूढ होती. पाठांतराची ही शिदोरी उपयुक्त होतीच. परंतु अपरिचित प्रश्न समोर आला की ती अपुरी पडे. अशा प्रश्नाला कसे भिडावे, याचा वस्तुपाठ दीक्षितांच्या संशोधनात सापडतो.

गुप्त संवताचा आरंभ नेमका केव्हा झाला, यावर विद्वानांत तीव्र मतभेद होते. मध्य प्रदेशातील एरण येथील बुधगुप्ताच्या स्तंभलेखात संवत १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार असा उल्लेख आहे. तिथी आणि वार यांचा मेळ वाटेल त्या वर्षी बसत नाही. आरंभवर्ष चुकीचे धरले की वार सहसा जुळत नाही. दीक्षितांनी गणित करून दाखविले, की हा दिवस इ. स. ४८४ च्या २१ जून रोजी येतो आणि त्या दिवशी गुरुवारच होता. अशा गणितांच्या आधारे डॉ. फ्लीट यांनी १८८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात संवताचा आरंभ इ. स. ३१९-२० असा निश्चित केला. एका शाळामास्तराने इतिहासाचा कालपट स्थिर केला.

१८७६ मध्ये 'विद्यार्थिबुद्धिवर्धिनी' आणि १८९२ मध्ये 'ज्योतिर्विलास' ही पुस्तके त्यांनी लिहिली. सामान्य वाचकाने आकाशाकडे पाहून विचार करावा, ही दुसऱ्या पुस्तकामागची तळमळ होती. १८९६ मध्ये 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा त्यांचा महाग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी रॉबर्ट स्युएल यांच्यासह लिहिलेला भारतीय कालगणनेवरील इंग्रजी ग्रंथही निघाला.

पंचांगाच्या वादात मात्र त्यांना परंपरेशी सामना करावा लागला. सूर्याचे उत्तरायण २२ डिसेंबरच्या सुमारास सुरू होते. मकरसंक्रांत मात्र जानेवारीच्या मध्यास येते. हे अंतर वाढतच जाणार असल्याने सण ऋतूंपासून दूर सरकतील, म्हणून सायन पंचांग स्वीकारावे, असा त्यांचा आग्रह होता. लोकांनी तो मानला नाही. २० एप्रिल १८९८ रोजी, वयाच्या अवघ्या ४४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

स्वतंत्र भारताने २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका स्वीकारली, ती सायन वर्षावर आधारलेली आहे. सणवार मात्र अजूनही बहुतांशी निरयन पंचांगानुसारच होतात. दीक्षितांनी मांडलेला प्रश्न अर्धाच सुटला आहे. उत्तर ताडून पाहिल्याखेरीज ते मान्य न करण्याची त्यांची शिस्त प्राथमिक शिक्षकांच्या प्रशिक्षणात कितपत उतरते, यावर उद्याच्या विद्यार्थ्यांचे गणित अवलंबून राहील.